ग्रीसमधली आमची म्हैस

उर्वीला निघता येत नाही. ही एकच काळजी गेले कितीतरी दिवस मला झोपू देत नाही. ती आजारी पडेल, तिला कुणी फसवेल, ती नीट जेवत नसेल, या काळज्या येतात आणि जातात. आईच्या मनात त्यांची ये-जा चालायचीच. पण ही एक मात्र ठाण मांडून बसली आहे. लहानपणी लग्नाला गेलो की मांडव उतरवायला माणसं यायची तरी उर्वी तिथेच. कुणाच्या वाढदिवसाला गेली की शेवटची खुर्ची उचलून मग घरी. शाळेची सहल परत निघाली तेव्हा ही किल्लारीजवळच्या एका शेतात, कुंपणात पाय अडकलेल्या शेळीपाशी बसलेली सापडली. सबंध बस तिच्यासाठी खोळंबली होती. गुरुजी रागावले, तर म्हणाली, "शेळी एकटी होती ना, गुरुजी."

आता ती ग्रीसमध्ये आहे. आणि तो सबंध देशच निघायचं की राहायचं या प्रश्नाशी येऊन थांबला आहे. येत्या रविवारी तिथे मतदान आहे.

आमची उर्वी जनावरांची डॉक्टर. शिकली उदगीरला, पण तिची खरी शाळा देवणीला, तिच्या आजोबांच्या गोठ्यात झाली. माझे सासरे विरूपाक्षअप्पा. घरात आणि गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. देवणी जातीची गाय लांबून बघून तिच्या आईचं वळण कसं होतं ते सांगणारा माणूस. उर्वी दर सुट्टीत तिथे असायची. लातूरला परत यायची तेव्हा तिच्या केसांना शेणाचा आणि कडब्याचा वास यायचा, आणि मी तिला न्हाणीघरात कोंडून घासायची. गावठी जातींवर पुढे शिकायचं म्हणून तिनं कुठे कुठे अर्ज केले. गेल्या वर्षी उत्तर ग्रीसमधल्या एका संस्थेनं तिला बोलावलं. तिथे एक मोठं तळं आहे, केर्किनी नावाचं. त्याच्या काठी म्हशी पाळतात. त्या म्हशींचा अभ्यास करायचा, तिथल्याच एका घरी राहायचं आणि महिन्याला शिष्यवृत्ती घ्यायची.

"ग्रीसमध्ये म्हशी?" तेव्हा मी विचारलं होतं. माझं बी.ए. नांदेडला झालं, अर्थशास्त्र घेऊन. ग्रीस म्हटलं की मला पांढरे खांब आणि दाढीवाले तत्त्वज्ञ एवढंच आठवायचं.

"आहेत, आई. आणि आपल्यासारख्याच आहेत. पाण्यात गेल्या की कुणाचं ऐकत नाहीत."

तिनं पहिल्यांदा तळ्याचा फोटो पाठवला, तेव्हा मी स्वयंपाकघरात निळ्या पिंपांच्या मधोमध बसले होते. गेल्या वर्षापासून लातुरात पाण्याचं काय झालंय ते लातूरच्या माणसाला सांगायला नको. टँकर कधी येईल याच्यावर घरातलं सगळं ठरतं: कपडे कधी, पाहुणे कधी, डोक्यावरून अंघोळ कधी. आणि हातातल्या फोनवर ते पाणी. सकाळचं धुकं, धुक्यात अर्ध्या बुडलेल्या म्हशी, त्यांच्या पाठीवरून सावकाश उडणारे, चोचीखाली झोळी असलेले मोठे पांढरे पक्षी. पलीकडे डोंगर, तेही पाण्यात उलटे. मी कितीतरी वेळ बघत बसले. गॅसवरची डाळ लागली.

तेव्हापासून ते तळं माझ्या घरातच आहे. दुपारी जरा डोळा लागला की मी त्याच्या काठी असते. मला तिथे कुणी काही विचारत नाही. कधी कधी त्या काळ्या म्हशींमध्ये देवणीच्या पांढऱ्या, काळ्या ठिपक्यांच्या गाई उभ्या असतात, आणि आप्पा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात. माझ्या माहेरचा, कंधारचा किल्ला पलीकडच्या काठावर असतो. त्याच्या खंदकात पाणी असतं, आणि ते पाणी आणि तळ्याचं पाणी एकच आहे हे स्वप्नात मला आधीपासून माहीत असतं. मग टँकरचा हॉर्न वाजतो.

उर्वी ज्यांच्या घरी राहते ते लाझारोस आणि स्मारो. वयस्कर जोडपं आहे, मुलं जर्मनीत. उर्वीनं पहिल्या आठवड्यातच त्यांना लाझारोसकाका आणि स्मारोकाकू करून टाकलं. स्मारोकाकू तिला पांढऱ्या घेवड्याची दाटसर आमटी आणि म्हशीचं दही खाऊ घालते. भाषा दोघींना एकमेकींची येत नाही, पण फोनवर मागून दोघींचं हसणं ऐकू येतं.

या जानेवारीत तिथे नवं सरकार आलं. आधीच्या सरकारांनी डोंगराएवढं कर्ज केलेलं. ते फेडायला आणखी कर्ज, आणि त्या कर्जाच्या अटी अशा की लोकांची पेन्शनं कापली, नोकऱ्या गेल्या. नवं सरकार म्हणालं, आम्हाला या अटी मान्य नाहीत, नव्यानं बोलू. युरो वापरणारे बाकीचे देश म्हणाले, अटी पाळा. महिन्यामागून महिने बोलणी चालली. मी रोज पेपरात शोधून शोधून वाचायची. आमच्या घरी येणाऱ्या पेपरात ग्रीसला जागा तळहाताएवढी, पण मी तेवढी वाचायची.

जूनच्या सुरुवातीला मी देवणीला गेले होते. ओसरीत बाजेवर आप्पांच्या शेजारी बसून उर्वीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काय डाक्टरीनबाई, तिकडं सरकार बदललं म्हनं!"

"कधीच बदललं, आप्पा. आता भांडण चालू आहे."

"भांडनारच. नवं सरकार म्हंजे नवी सून. आल्या आल्या म्हनली, जुन्या सासूची उधारी मी ह्या हिशेबानं देनार न्हाई. दुकानदार मीठ तरी देईल का?"

मला राहवलं नाही. "आप्पा, ते आधीचं मीठ सुनेनं खाल्लंच नव्हतं."

"घ्या! ही बी तिकडचीच झाली," आप्पा फोनला म्हणाले. पलीकडे उर्वी खदखदून हसली.

मग ते जरा गंभीर झाले. "पोरी, एक सांग. त्या लोकांला त्यांचा सोताचा सिक्का न्हाई का?"

"होता, आप्पा. द्राख्मा म्हणायचे. बऱ्याच देशांनी मिळून एकच नाणं चालवायचं ठरवलं, तेव्हा यांनी आपलं सोडून दिलं."

"आन आता भांडन वाढलं तर हे नानं बी जाईल?"

"तसं कुणी उघड बोलत नाही. पण लोक घाबरलेत. बँकेतून पैसे काढून घरी ठेवून राहिलेत."

गंमत बघा, एवढी शिकलेली आणि परदेशात गेलेली पोरगी आप्पांशी बोलताना लगेच 'ठेवून राहिलेत' म्हणते.

यावर आप्पांनी जे सांगितलं ते मी आधी कितीदा तरी ऐकलं होतं. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा, आणि इंग्रजांचा तो कल्दार. राज्य गेलं, हाली थोडे दिवस चालला, मग तोही गेला. आप्पांच्या चुलत्यानं हाली रुपये मडक्यात घालून गोठ्यात पुरले होते. पुढे कधीतरी कळेल काय होतंय म्हणून तो थांबला, थांबला, आणि मडकं उकरलं तेव्हा बदलून घ्यायची मुदत सरून गेली होती. त्याच गोठ्यात वर बांधलेली गाय मात्र दर वर्षी व्यायची.

"नान्याचं इमान राजापस्तोर, पोरी," आप्पा म्हणाले. "राजा बदलला की ते बदललं. जनावराला राजा कोन हाय ते ठावं नसतंय. तुझं काय साठलं आसंल तर त्याचं जनावर घे."

"घेते, आप्पा," ती म्हणाली. मी हसले. आजोबा-नातीचं हे असंच चालतं.

जूनच्या शेवटी सरकारनं या अटी मान्य आहेत की नाहीत यावर लोकांचं मतदान ठेवलं, आणि तिथल्या बँका बंद झाल्या. यंत्रातून रोज ठरावीकच पैसे मिळतात आणि त्यासाठी रांगा लागतात. संस्थेनं परदेशी मुलांना कळवलं की ज्यांना घरी जायचं असेल त्यांनी जावं, सगळं सुरळीत झालं की परत यावं. आमचे हे, शरदचंद्र, ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. काही झालं की त्यांचा आराखडा आधी तयार असतो. त्यांनी त्याच संध्याकाळी तिकीट बघितलं आणि उर्वीला फोन लावला.

"बाबा, चिडू नका," ती म्हणाली. "मी एक म्हैस घेतलीय."

"कसली म्हैस?"

"म्हणजे... म्हैस. जिवंत. आता व्यायला झालीय."

यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

हळूहळू सगळं कळलं. लाझारोसकाकांना पेंड रोखीनंच मिळायला लागली होती. हातात रोख नाही, म्हणून त्यांनी काही म्हशी एका व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलं. व्यापारी खाटकाचा. त्यातली एक गाभण होती, भरल्या अंगाची. तिलाच सगळ्यात जास्त भाव. उर्वी तिची रोज तपासणी करायची. त्याच आठवड्यात आप्पांचा तो उपदेश झाला. बँका अजून चालू होत्या; या बाईनं तिथून आपली साठवलेली सगळी शिष्यवृत्ती काढली आणि म्हशीचा सौदा करायला बसली.

"पण तुला त्यांची भाषा येते कुठे एवढी?" मी विचारलं.

"सौद्याला भाषा कशाला लागते, आई? मी बोटांनी केला."

बैलबाजार ज्यानं पाहिला असेल त्याला हे माहीत आहे. भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं एकमेकांचा हात धरतात, वर उपरणं टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. बघणाऱ्याला फक्त दोघांचे चेहरे दिसतात. आप्पांनी उर्वीला हे ती दुसरीत असताना शिकवलं होतं. तिनं लाझारोसकाकांना आधी ही बाराखडी शिकवली. उपरणं नव्हतं, म्हणून स्मारोकाकूचा एप्रन घेतला. स्मारोकाकू दारात उभी राहून म्हणे ओरडत होती की माझ्याच एप्रनखाली माझ्याच नवऱ्याचा हात धरून ही पोरगी काय करतेय ते मला कुणी सांगेल का. काका मात्र एकदम गंभीर. त्यांनी एक बोट जास्त दाबलं, हिनं मान हलवली, त्यांनी सोडून दिलं.

सौदा झाला. मग हिनं पुढची अट घातली. म्हैस बटईनं. म्हणजे मालकी हिची, पण म्हैस त्यांच्याच गोठ्यात राहणार. दूध त्यांचं, राखण त्यांची, आणि रेडकू झालं की निम्मं निम्मं. काकांनी एप्रनची घडी करून काकूला परत दिली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "आमच्या मंत्र्याला गाठ आणि हे सांग. तिकडे बोलणी करायला जातो, त्याच्या कामाला येईल."

"म्हशीचं नाव हाली ठेवलंय," उर्वीनं सांगितलं. "आप्पांना सांग हां."

"आणि तू जेवतेस कशावर? हातात पैसे आहेत का?"

"सगळं मिळतं, आई. इथे कुणी उपाशी नाही. तळ्यावर जाते, परत येते. संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे बसतात आणि भांडतात. अर्धे म्हणतात रविवारी अटींना हो म्हणायचं, अर्धे म्हणतात नाही. काकू म्हणते, मी आधी हो म्हणेन, मग घरी येऊन रडेन. काका म्हणतात, मी नाही म्हणेन आणि मग रडेन."

"तू ये, उर्वी. बाबा तिकीट काढतायत."

ती थांबली. ते थांबणं मला माहीत आहे. कुंपणापाशी बसलेली ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे आली.

"कसं येऊ, आई? तिचं पहिलंच वेत आहे. आणि मी गेले की व्यापारी परत येईल. काका काही माझ्या म्हशीला विकणार नाहीत, पण पेंडीवाला दारात उभा राहिला तर माणूस काय करेल?"

मी फोन ठेवला आणि यांना आत बोलावून सगळं सांगितलं. हे म्हणाले, "सरळ बोलून ती येणार नाही. तुझ्या वळणावर गेलीय. कंधारचा किल्ला! तोफा लावल्या तरी दार उघडणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आप्पा सीरियस आहेत असं सांगायचं."

आपल्याकडे हे काही नवं नाही. पूर्वी तार यायची, आता फोन येतो. कितीतरी मुलं अशी घरी आणली गेली आहेत, आणि स्टेशनवर उतरून बघतात तर आजोबा स्वतः घ्यायला आलेले. मला ते पटलं नाही, असं मी लिहिणार होते. पण पटलं. ती येईल, ओट्याशी उभी राहील, तिच्या केसांना कसलातरी वास येईल. मी म्हणाले, "चालेल."

फक्त आप्पांना सांगायला हवं होतं. गावाकडून कुणी तिला भलतंच कळवू नये. म्हणून आज सकाळी मी उदगीरमार्गे देवणीला गेले.

आप्पा गोठ्यासमोर बसून दावं वळत होते. यंदाच्या चाऱ्याचं बोलणं झालं, पाण्याचं झालं. धोंड्याचा महिना चालू म्हणून शेजारणीनं अनारसे आणून दिले होते, ते त्यांनी माझ्यापुढे सरकवले. मग मी सगळं सांगितलं. म्हैस, सौदा, बटई.

आप्पांनी दावं खाली ठेवलं. "एप्रनखाली?"

"हो."

"आन एक बोट उतरवलं तिनं?"

"हो, आप्पा."

"हाली ठिवलं व्हय नाव!" ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. मला वाटलं होतं की आपल्या बोलण्यानं पोरगी तिथे अडकली म्हणून त्यांना वाईट वाटेल. त्यांचा चेहरा तर पोळ्याच्या दिवशी बैल रंगवून झाल्यावर असतो तसा झाला होता.

मग मी यांचा बेत सांगितला. तुम्ही आजारी आहात असं उर्वीला सांगणार.

"म्हंजे मला मारून पोरीला आनायचंय."

"मारून नाही हो, आप्पा. नुसतं आजारी."

"चालंल. पन एक अट. म्हैस व्याली की मग मारा. तवर मी न्हाई मरत."

मी हसले, आणि मग मला रडू आलं. समोरची गाय रवंथ करत होती. तिच्या गळ्यातली घुंगुरमाळ हलली की तेवढाच आवाज यायचा. ते हलणं बघता बघता मला पुन्हा ते तळं दिसायला लागलं. ती गाय पाण्यात उभी होती, आणि गोठ्याची जमीन म्हणजे धुकं.

"बाई," आप्पा म्हणाले, "शरदला सांग, खोटं बोलून आनली तर ती येईल. पळत येईल. पन माझं खरंच कधी दुखलं, तर मंग येनार न्हाई. तिला वाटंल, ह्या लोकांचं हे आसंच आसतंय. मग मी कुनाची वाट बघू?"

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. पेंडीचा भाव सांगावा तसं म्हटलं आणि दावं परत हातात घेतलं.

येताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना काळी, पेरणीची वाट बघणारी रानं. उन्हात ती हलत होती, पाण्यासारखी. मी डोळे मिटले नव्हते तरी रस्त्याच्या कडेनं तळं आमच्याबरोबर चालत होतं, आणि उर्वी काठाकाठानं. तिच्या हातात काही नव्हतं, पाठीवर पिशवी नव्हती. मी तिला हाक मारत होते की नव्हते, आठवत नाही. ती वळून बघत होती आणि मग पुढे बघत होती. मला तिच्या चेहऱ्यावर भीती शोधायची होती. मला ती सापडली असती तर सोपं झालं असतं.

घरी आले तेव्हा हे म्हणाले, "उद्या सकाळी मीच फोन करतो. तुझा आवाज लगेच ओळखू येतो." आप्पा काय म्हणाले ते मी सांगितलं. ते म्हणाले, "आप्पांचं सोड. विमानं बंद झाली म्हणजे? रस्त्यावर काही झालं म्हणजे? तेव्हा कुणाला तोंड दाखवशील?" त्यांचंही खोटं नाही. तिकिटाचा कागद त्यांनी छापून आणून टीव्हीशेजारी ठेवला आहे, तिचं नाव मोठ्या अक्षरात.

आता ते झोपले आहेत. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की उर्वी कशी आहे हे एकदा नीट लिहून काढलं तर काय करायचं ते कळेल. एवढंच कळलं की ती शेवटी निघते, पण निघतेच. मांडव पूर्ण उतरल्यावर का होईना, घरी आली. शेळीचा पाय सोडवून झाल्यावर बसमध्ये चढली. तिला ओढून कधी आणावं लागलं नव्हतं. थांबावं मात्र लागलं होतं, बसमधल्या सगळ्यांना. मलाही.

मला थांबता येईल का, माहीत नाही. रविवारी तिथे काय होईल ते इथे कुणालाच माहीत नाही, तिथेही नसेल. लोक हो म्हणतील की नाही म्हणतील, त्यानंतर ते युरोत राहतील की बाहेर पडतील, सोमवारी पेंडीवाला कुठलं नाणं मागेल. आणि ज्या एका खोट्यानं माझी मुलगी उद्याच्या उद्या सामान बांधेल, ते खोटं मीच मोडायला निघाले आहे.

तिकडे आत्ता जेवणं उरकली असतील. टीव्ही चालू असेल आणि भांडण रंगात आलं असेल. मी तिला एवढंच सांगणार आहे की उद्या सकाळी बाबांचा फोन येईल, ते आप्पांच्या तब्येतीचं काही सांगतील, ते खरं नाही. आप्पांनी आज माझ्यासमोर ज्वारीची भाकरी खाल्ली आणि तुझ्या सौद्यावर ठसका लागेपर्यंत हसले. बाबांवर चिडू नको, ते घाबरले आहेत. मी पण घाबरले आहे. तिकीट काढून ठेवलं आहे, ते तुझं आहे, कधी वापरायचं ते तू ठरव. ये असं मी म्हणणार नाही. म्हणून बसेन कदाचित. पण त्याच्या आधी हे सगळं सांगून झालेलं असेल.

फोन चार्जिंगवरून काढला आहे. हे उठून पाणी प्यायला येतील, त्याच्या आत उर्वीला लावते.